मेंदूवरचा प्रकल्प आणि आजीचा तांबडा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की थोड्याच दिवसांत तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र येतं, आणि मधल्या सुट्टीत मुलं शिक्षकखोलीच्या दाराशी घुटमळायला लागतात. “मॅडम, आपण यंदा काय करायचं?” सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत मी २६ वर्षं विज्ञान शिकवते आहे. ठिबक सिंचन, सौरचूल, गांडूळखत हे विषय दरवर्षी असतातच. पण एका-दोघांना तरी मेंदूवर काहीतरी करायचं असतं. कुणाच्या आजोबांना अर्धांगवायू झालेला असतो, कुणाच्या भावाला फिट येते, कुणाला रात्री पाठ केलेलं सकाळी पेपरात आठवत नाही. या मुलांना प्रकल्प निवडायला मदत करता करता माझ्या हातून काय चुकलं आणि काय उमगलं, ते इथे लिहिते आहे.

१. मेंदूची प्रतिकृती केली म्हणजे मेंदूवरचा प्रकल्प झाला, असं मी पहिली पाच-सहा वर्षं धरून चालले होते. नववीतल्या एका मुलीला घेऊन मी थर्माकोलचा मोठा मेंदू केला. वळ्यांसाठी फेविकॉलमध्ये बुडवलेली सुतळी चिकटवली. पहिल्या दिवशी ऑइल पेंट लावला, तर थर्माकोल विरघळून जागोजागी खड्डे पडले. मग पुन्हा सगळं कापलं, पोस्टर कलर लावला, आत छोटे दिवे बसवले. ‘दृष्टी’चं बटण दाबलं की मागचा भाग उजळायचा, ‘श्रवण’ म्हटलं की बाजूचा. आमच्या टेबलापाशी सगळ्यात जास्त गर्दी होती. परीक्षक आले, त्यांनी दोन्ही बटणं दाबून पाहिली आणि अगदी शांतपणे विचारलं, “छान आहे. पण यात तू काय शोधलंस?” तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. घरी येताना एसटीत मला आठवलं, की जुलैमध्ये याच मुलीने मला वर्गात विचारलं होतं, “आजोबांचा डावा हात गेला, मग डॉक्टर मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ झालीय असं का म्हणतात?” मेंदूकडून शरीराकडे येणारे बहुतेक मज्जातंतू वाटेत बाजू बदलतात, उजवा मेंदू डावा हात हलवतो, हे मी तिला दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. तिच्यापाशी स्वतःचा प्रश्न होता. मी तो बाजूला ठेवून तिच्या हातात थर्माकोल दिला.

तेव्हापासून जूनपासूनच एक वही ठेवते. मुलांनी विचारलेले प्रश्न त्यात त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते. नोव्हेंबरमध्ये विषय शोधायचा नसतो, ती वही उघडायची असते.

२. मेंदू जितका अफाट, तितका त्याच्याविषयीचा प्रश्न लहान घ्यावा लागतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. ‘मेंदू कसे कार्य करतो’ असं शीर्षक घेऊन आठवीचं पोर उभं राहिलं, तर त्याला पुस्तकातला उतारा पाठ म्हणण्याशिवाय दुसरं काय करता येणार? उलट एक साधी फूटपट्टी घ्या. एकाने ती वरून धरायची, दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिल्याने न सांगता सोडायची, दुसऱ्याने पकडायची. पट्टी १८ सेंटिमीटर घसरली तर पकडणाऱ्याला साधारण ०.१९ सेकंद लागले. गुरुत्वाकर्षणाचं समीकरण शाळेच्या पुस्तकातलंच आहे, ते इथे पहिल्यांदा मुलांच्या कामी येतं. तेवढ्या वेळात डोळ्याने पाहिलं, निरोप मेंदूला पोचला, मेंदूने ठरवलं, हुकूम बोटांपर्यंत आला. एका मुलाने त्यावर मला विचारलं होतं, “म्हणजे मॅडम, आपल्याला जे दिसतं ते थोडं आधीच होऊन गेलेलं असतं?” हो. मला हे विज्ञानाची पदवी घेऊनही कधी असं जाणवलं नव्हतं.

या पट्टीभोवती कितीतरी छोटे प्रश्न उभे राहतात. डावा हात की उजवा? दुपारच्या जेवणानंतर वेळ वाढतो का? डोळे मिटून, नुसता ‘सोडली’ असा आवाज ऐकून पकडली तर? आणि करताना मुलांना चकवे कळत जातात. सोडणारा पोरगा सोडण्याआधी नकळत श्वास घेतो, समोरचा तेवढ्यावर बोटं मिटतो. दहाव्या वेळेला हात सरावतो, म्हणून आधी डावा मग उजवा असं सगळ्यांचं केलं तर उजवा उगाचच चांगला ठरतो. हे मी सांगितलेलं नव्हतं, नोंदी पाहून मुलांनीच पकडलं.

मज्जातंतूंतून निरोप किती वेगाने जातो हे मोजता येणार नाही, असं एके काळी मोठमोठे शास्त्रज्ञ मानायचे. १८५० च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजला आणि तो सेकंदाला ३० मीटरच्या आतबाहेर भरला. ताशी शंभर किलोमीटर धरा, महामार्गावरच्या मोटारीइतका. आम्ही बेडूक नाही वापरत. ४० मुलं हात धरून गोलात उभी राहतात, डोळे मिटतात, पहिला शेजाऱ्याचा हात दाबतो, तो पुढच्याचा. दाब गोल फिरून परत यायला दहा-बारा सेकंद लागतात. मग तेच खांद्यावर हात ठेवून करायचं, मग घोट्यापाशी. घोट्यापासून निरोपाला लांबचा रस्ता, म्हणून वेळ जास्त. मैदानावर एवढी शांतता एरवी मी कधी अनुभवत नाही.

३. खरा मेंदू दाखवायच्या उत्साहात मी समोर बसलेल्या मुलांना विसरले. एका रविवारी खाटकाकडून बोकडाचा भेजा आणून फ्रीजमध्ये ठेवला आणि सोमवारी स्टीलच्या डब्यातून शाळेत नेला. घट्ट लागलेल्या दह्यासारखा मऊ, बोट जरा जोरात लागलं तरी खूण उमटावी असा. त्याच्या शेजारी आमचा जुना थर्माकोलचा मेंदू किती खोटा वाटत होता! माणसाचा मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅमचा, हा मुठीत मावणारा. पण वळ्या तशाच, मागे छोटा मेंदूही तसाच. मी रंगून सांगत होते. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून बाहेर गेली. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी. तिने मला काही म्हटलं नाही, रडलीही नाही, फक्त आठवडाभर माझ्या तासाला खाली मान घालून बसली. मी आधी विचारायला हवं होतं, एवढंच. ज्यांना बघायचं नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयात दुसरं काम ठेवायला मला पाच मिनिटंही लागली नसती. पुढच्या वर्षीपासून विचारते. दरवर्षी चार-पाच मुलं नको म्हणतात, आणि त्यात माळकरी असतात तशी रविवारी मटण खाणारीही असतात.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत मेंदूंचं संग्रहालय आहे, तिथे खरा मानवी मेंदू हातात घेऊन बघता येतो. आमची सहल अजून तिथवर गेलेली नाही.

४. मेंदूची चाचणी घेतो तेव्हा आपण एका माणसाची चाचणी घेत असतो. हे मला ज्या प्रसंगाने शिकवलं, तो आठवला की अजूनही अस्वस्थ होते. सातवीचा वर्ग होता. दोन मुलींनी ‘आपली स्मरणशक्ती’ असा विषय घेतला होता. १५ शब्द वाचून दाखवायचे, मग आठवतील तेवढे लिहायला सांगायचे. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९५६ चा एक प्रसिद्ध लेख आहे, एका वेळी माणसाच्या ध्यानात सातच्या आसपास गोष्टी राहतात असं त्यात मांडलेलं आहे. ते आमच्या वर्गात पडताळायचं होतं. चाचणी छान झाली. आलेख समजावा म्हणून मी प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे आकडा असा सगळा तक्ता फळ्यावर लिहिला. सहा, आठ, सात, नऊ. एका मुलापुढे तीन.

दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला विसरणाऱ्या नायकाच्या सिनेमावरून ‘गजनी’ म्हणायला लागली. मला ते कळलं पंधरा दिवसांनी, तो शाळेत यायचा बंद झाला तेव्हा.

त्याच्या घरी गेले. वडील भाजीचा व्यापार करतात, आठवड्यातले तीन दिवस पहाटे तीनला उठून मुलगा त्यांच्यासोबत टेम्पोतून मार्केटला जायचा, माल उतरवून साडेनऊला परत, तिथून थेट शाळा. आमच्या चाचणीचा दिवस त्या तीनांपैकी एक होता. मी त्याच्या वडिलांपुढे आणि त्याच्यापुढे माफी मागितली. तो म्हणाला, “मॅडम, भाव मला सगळ्या भाज्यांचे पाठ असतात.” आणि त्याने मला त्या दिवसाचे भाव सांगितले. वांगी, गवार, दोडका, कोथिंबिरीची जुडी. मी मोजले, १९ होते.

पुढे त्याच मुलींनी प्रश्न बदलला. झोप कमी झालेल्या दिवशी शब्द कमी आठवतात का? आता चाचणी द्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, नावाऐवजी चिठ्ठीवरचा क्रमांक लिहायचा, एकाची दुसऱ्याशी तुलना न करता प्रत्येकाच्या आजच्या आकड्याची त्याच्याच कालच्या आकड्याशी करायची. आणि चाचणीसाठी म्हणून कुणालाही जागवायचं नाही, ज्याने जेवढी झोप घेतली तेवढी फक्त विचारायची. हे सगळे नियम मुलींनी लिहिले, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. तो मुलगाही महिनाभराने त्यात आला, आपण होऊन. त्याचा चिठ्ठीचा क्रमांक मला आजही माहीत नाही आणि तो माहीत नसणंच योग्य आहे.

५. ज्याला इतरांच्या चाचण्या घेणं जड वाटतं, त्याने स्वतःवर प्रयोग करावा. हा मार्ग मला उशिरा सुचला. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने विसरण्याचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास केला, तो स्वतःवरच. १८८५ साली त्याचं पुस्तक आलं. अर्थ नसलेल्या शेकडो अक्षरजुळण्या त्याने पाठ केल्या आणि तासाने, दिवसाने, महिन्याने त्यातलं किती उरतं ते तपासलं. विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं आणि मग मंदावतं, हे त्याने दाखवलं. आमच्या एका अबोल मुलाने हे मराठीत करायचं ठरवलं आणि पहिल्याच पायरीला अडला. मराठीत निरर्थक जोडी सापडेना! ‘गप’ला अर्थ, ‘लट’ला अर्थ, ‘मठ’ला अर्थ. ‘झुप’ लिहिलं तर बहीण म्हणाली, “झुपकेदार मधला की.” ज्या अक्षरांना थोडासाही अर्थ चिकटला ती त्याच्या लक्षात राहायची, बाकीची दुसऱ्या दिवशी पुसली जायची. दीड महिना रोज रात्री त्याने नोंद ठेवली. प्रदर्शनात त्याने आलेखाआधी ही अडचणच सांगितली. लक्षात राहणं आणि अर्थ लागणं यांचं नातं मी बी.एड.ला असताना वाचलं होतं. त्याने ते स्वतःच्या वहीत गाठलं.

६. मेंदूविषयी जे आपण खात्रीने सांगतो ते आधी तपासून घ्यायला हवं, आणि त्यात शिक्षकही आले. ‘माणूस आपल्या मेंदूचा फक्त १० टक्के वापर करतो’ हे वाक्य मी कित्येक वर्षं परिपाठात सांगत आले. मुलांना उमेद यावी, हाच हेतू. एकदा सहावीतल्या एकीने विचारलं, “मग बाकीच्या ९० टक्क्यांना मार लागला तर काहीच होणार नाही का?” मी तिथेच थांबले. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण आपण विश्रांती घेत असतानाही शरीराच्या ऊर्जेतला जवळपास पाचवा हिस्सा तो घेतो. नऊ दशांश भाग रिकामा बसवून ठेवायला एवढा खर्च कोणतं शरीर करील? दुसऱ्या दिवशी परिपाठात मी माझं वाक्य मागे घेतलं, त्या मुलीचं नाव घेऊन.

पुढे एक पालक पत्रक घेऊन आले. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चा वर्ग, हजारोंची फी, डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं म्हणे. त्यांची मुलगी तिथे जात होती, आणि प्रदर्शनात तेच दाखवायचं असा त्यांचा आग्रह. मध्यमेंदू हा मेंदूचा खराखुरा भाग आहे, डोळ्यांच्या हालचालींशी त्याचा संबंध आहे, पण मिटल्या डोळ्यांनी वाचायची सोय त्यात नाही. नाकाच्या कडेने पट्टीखालून दिसतं, एवढंच त्यातलं गुपित. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा दाव्यांना जाहीर आव्हानं दिलेली आहेत. माझ्यापुढे प्रश्न वेगळा होता. त्या मुलीला फटीतून दिसतं हे तिला माहीत होतं, आणि वडिलांनी पैसे भरलेत हेही. चारचौघांत तिला उघडं पाडणं माझ्याने झालं नसतं. मी तिला एक कार्ड दिलं. डावीकडे फुली, उजवीकडे सात-आठ सेंटिमीटरवर ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फुलीकडे बघत कार्ड हळूहळू जवळ आणायचं. साधारण एक फुटावर ठिपका नाहीसा होतो! डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथे बघणाऱ्या पेशीच नसतात. सतराव्या शतकात मॅरिऑट या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा अंधबिंदू दाखवून दिला. गंमत अशी, की तिथे भोक दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ती जागा भरून काढतो. ती पोर अर्धा तास कार्ड पुढेमागे करत बसली. रेघांचा कागद घेतला तर रेघही मेंदू जोडून देतो का, हा तिचा स्वतःचा प्रश्न. तोच तिचा प्रकल्प झाला. डोळे उघडे असताना काय दिसत नाही, याचा.

७. घरातल्या आजारातून आलेला विषय सर्वात खरा असतो, म्हणूनच तो मुलाच्या हातून ओढून घेऊ नये. नववीतल्या एका मुलाच्या धाकट्या भावाला फिट यायची. गावात कुणाला फिट आली की लोक काय करतात, याचं सर्वेक्षण करायचं त्याच्या मनात होतं. कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, दातखीळ बसली म्हणून चमचा घालतात. यातल्या कशानेही फिट थांबत नाही, चमच्याने दात मात्र मोडतात. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, आसपासच्या टोकदार वस्तू हलवायच्या, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना. विषय इतका मोलाचा होता, की मी म्हटलं, “फलकावर सुरुवातीला लिही, माझ्या भावाला फिट येते. लोकांच्या मनाला भिडेल.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली, पदराशी चाळा करत उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, मोठा शिकंल ह्याच्यातनं, पण धाकट्याला रोज ह्याच वर्गातनं जायचंय.” फलकावर भावाचं नाव आलं नाही, भाऊ असल्याचा उल्लेखही आला नाही. प्रकल्प त्याने उत्तम केला. त्यातला प्राथमिक उपचाराचा तक्ता आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला आहे.

८. उत्तम प्रकल्पाला कधीकधी दोन कागद आणि स्केचपेनचा एक डबा पुरतो. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी अभ्यासकाने १९३५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असेल आणि शाईचा रंग सांगायचा असेल, तर आपण अडखळतो. ओठांवर ‘लाल’ येतं. वाचन इतकं सवयीचं झालेलं असतं, की नको म्हटलं तरी मेंदू वाचतोच. आठवीतल्या एका मुलीने आणि तिच्या वर्गमित्राने हे घेतलं. एका तक्त्यावर रंगांचे २० ठिपके, दुसऱ्यावर चुकीच्या शाईत लिहिलेले २० शब्द. दोन्हींना लागणाऱ्या वेळेतला फरक मोजायचा. पहिल्या दिवशी एका मुलाचा ठिपक्यांतही लाल-हिरव्याचा घोळ व्हायला लागला, तेव्हा ध्यानात आलं की काहींना जन्मतः हे रंग वेगळे दिसत नाहीत. त्याला कुणी काही म्हणायच्या आत मुलीने तक्ता उलटा केला आणि म्हणाली, “आपला तक्ताच नीट नाही, उद्या दुसरा करू.” मला त्या क्षणी चौथ्या मुद्द्यातला फळा आठवला.

मग त्यांनी शब्द इंग्रजीत लिहून पाहिले. आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांचा गोंधळ कमी झाला. पहिलीतल्या, अजून अक्षरं जुळवणाऱ्या पोरांना तर दुसऱ्या तक्त्याचं काहीच वाटेना. तेव्हा ती मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या आजीला वाचता येत नाही.”

शनिवारी दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो. आजी ओट्यावर सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. नातीने आधी विचारलं, “आजी, ही परीक्षा नाही. नको वाटलं तर नको म्हण.” आजी म्हणाली, “मी अडाणी, मला काय येतंय त्यातलं?” पण हात पदराला पुसून तिने तक्ता घेतला. पहिले ठिपके सांगितले. मग शब्दांचा तक्ता. “ह्यो तांबडा, ह्यो हिरवा, ह्यो निळा, ह्यो पिवळा, परत तांबडा…” तिची चाल ठिपक्यांना होती तीच. एकदाही अडली नाही. दोन्ही तक्त्यांना जवळपास सारखाच वेळ. तिच्या आधी मी केला होता, दुसऱ्याच ओळीत निळ्या शाईतला ‘हिरवा’ मी हिरवा म्हणून वाचला होता.

वर्गमित्र नोंद करत होता. त्याने ‘तांबडा’पुढे फुली मारली, कारण उत्तरात ‘लाल’ होतं. मुलगी त्याच्यावर उसळली, “तांबडा म्हणजे लालच की! आमच्याकडं लाल कोण म्हणतंय?” दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी पेन्सिलीची फुली खोडली आणि वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला: माणूस घरी ज्या नावाने रंग ओळखतो ते नाव बरोबर धरायचं. इतकी वर्षं मी परीक्षेचे पेपर तपासते आहे. किती तांबड्यांना मी फुली मारली असेल, हे आता मोजता येणार नाही.

नातीने आजीला सगळं समजावून सांगितलं. वाचता येतं म्हणून आम्ही अडखळतो, तुला येत नाही म्हणून तू अडखळली नाहीस. आजीने तक्ता पुन्हा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “मग हितं लिवलंय काय?” नात तिच्या शेजारी फरशीवर बसली. एकेका शब्दावर बोट ठेवून तिने वीसच्या वीस शब्द वाचून दाखवले. आम्ही दोघं शेंगांच्या सुपापाशी बसून होतो.

प्रदर्शन होऊन गेलं, प्रकल्प जिल्ह्यापर्यंत गेला. मुलगी आता दहावीत आहे. तिने आजीला रंगांची चार नावं लिहायला-वाचायला शिकवली आहेत. आजी ‘लाल’ ओळखते, पण अजून त्याला तांबडाच वाचते. वाचन अंगवळणी पडलं की आजीही अडखळायला लागेल का, हा नातीचा पुढचा प्रश्न आहे, म्हणून महिन्यातून एकदा ती दोन्ही तक्ते घेऊन ओट्यावर बसते. दर वेळी आधी विचारते, “आजी, आज करायचं का?” परवा तिने मला वही दाखवली. वेळेच्या ११ नोंदी आहेत. दोन तारखांपुढे आकडा नाही, तिथे ‘आजी नको म्हणाली’ एवढंच लिहिलेलं आहे.